सुट्टीचा हक्क आणि किनाऱ्याची मालकी

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईकडील आणि कोल्हापूर-सांगलीकडील मध्यमवर्गीय कुटुंबे तळकोकणाची वाट धरतात. नवराबायको, दोन मुले आणि प्रकृती साथ देत असेल तर आजी असा हा गोतावळा मालवणजवळ तारकर्लीला किंवा देवबागला मुक्काम करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास, वारा पडलेला असताना, केशरी जाकिटे अंगावर चढवून मंडळी होडीत बसतात. कर्ली नदी जेथे समुद्राला मिळते त्या संगमातून होडी बाहेर पडते. मग डॉल्फिनचा शोध सुरू होतो. पाण्याबाहेर एखादी करडी पाठ क्षणभर वर येते आणि मुले ओरडतात. त्यानंतर निवतीचा किल्ला आणि सोनेरी खडक, भोगव्याची पुळण आणि अखेरीस खाडीच्या मुखाशी असलेला वाळूचा उंचवटा, ज्याला २००४ च्या सुनामीनंतर ‘सुनामी आयलंड’ हे नाव पडले, अशी बेटाबेटांची फेरी पुरी होते. दुपारी यजमानाच्या घरी माशांचे कालवण आणि सोलकढी तयार असते. संध्याकाळी सिंधुदुर्ग किल्ला. तिसऱ्या दिवशी कुटुंब परतते आणि पुढची अनेक वर्षे ते डॉल्फिन घरात बोलले जाते.

या सुट्टीत निंद्य असे काहीही नाही. परंतु या तीन-चार तासांच्या फेरीत ज्या अरुंद पट्ट्यातून होडी जाते, त्या पट्ट्यावर आज तीन जणांचा संसार अवलंबून आहे. डॉल्फिनचा, पारंपरिक मच्छीमाराचा आणि पर्यटकाच्या विरंगुळ्याचा. तिघांपैकी कोणाच्याही नावावर तो पट्टा नाही. आणि नेमक्या याच गोष्टीचा फायदा घेऊन चौथाच कोणी तो विकत घ्यावयास निघाला आहे. कोकणातील पर्यटनाविषयी जो वाद घातला जातो त्यात या चौथ्याचे नावही निघत नाही. एका बाजूला पर्यटकाला शिव्या देणारे संस्कृतिरक्षक आणि दुसऱ्या बाजूला पर्यटनाचे गोडवे गाणारे विकासवादी, अशी ही लुटुपुटीची लढाई चालू आहे. दोन्ही बाजू चुकीच्या आहेत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे.

सुट्टी ही चैन नव्हे

समुद्रकाठी चार दिवस काढणाऱ्या कुटुंबाकडे तुच्छतेने पाहण्याची एक सवय पुरोगामी म्हणविणाऱ्या काही मंडळींना जडली आहे. पर्यटन म्हणजे उपभोगवाद, पर्यटक म्हणजे कचरा टाकणारा प्राणी, असे त्यांचे समीकरण असते. या मंडळींना श्रमिक चळवळीचा इतिहास ठाऊक नाही असे म्हणावे लागते. पगारी सुट्टी कोणा मालकाने उदार होऊन दिलेली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वार्षिक पगारी रजेविषयीचा पहिला ठराव १९३६ मध्ये केला, आणि त्यातही वर्षाला अवघे सहा दिवस मान्य झाले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लोकआघाडीचे सरकार निवडून आले, कारखान्याकारखान्यांतून संपांची लाट उसळली आणि जूनमध्ये कामगाराला दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा झाला. लिओ लाग्रांज यांनी कामगारांसाठी रेल्वेच्या सवलतीची तिकिटे काढविली. त्या उन्हाळ्यात फ्रान्समधील हजारो कामगारांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. तत्कालीन प्रतिष्ठित वर्गाने नाके मुरडली. आपल्या पुळणीवर ही गर्दी कसली, असा त्याचा सूर होता. आज पर्यटकांच्या गर्दीवर नाके मुरडणाऱ्यांनी आपण कोणाच्या पंगतीला बसलो आहोत याचा विचार करावा.

भारतातही हा हक्क कागदावर आला. राज्यघटनेच्या त्रेचाळिसाव्या कलमात श्रमिकाला निर्वाहवेतनाबरोबरच फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा, असे राज्याला बजावले आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजेची तरतूद केली. त्याच वर्षी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने विश्रांती आणि ठरावीक काळाने पगारी सुट्टी हा मनुष्यमात्राचा हक्क मानला. पण देवबागच्या होडीत बसलेल्यांची मोजदाद केली तर काय दिसते? बँकेतील नोकर, शिक्षक, सरकारी कर्मचारी, संगणक कंपनीतील अभियंता, लहान व्यापारी. या देशातील दर दहा श्रमिकांपैकी सुमारे नऊ असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांच्या घरात पगारी रजा हा शब्दच नाही. बांधकामावरील मजूर, घरकामाला जाणारी बाई, मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचविणारा मुलगा यांच्यासाठी एक दिवसाची सुट्टी म्हणजे एक दिवसाचा बुडालेला रोज. तेव्हा समुद्रावर माणसे फार जातात ही तक्रारच मुळात खोटी आहे. जाऊ शकणारी माणसे फार थोडी आहेत, ही खरी तक्रार आहे. ज्या कोकण रेल्वेने ही कुटुंबे कुडाळला उतरतात ती रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर धावू लागली. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी या रेल्वेसाठी जो आग्रह धरला, किंवा दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर जी गादी आली, त्यामागे हीच दृष्टी होती की सामान्य माणसाचा प्रवास सामान्य माणसाच्या इभ्रतीला साजेसा व्हावा.

कायापालटाचा हिशेब

आता दुसरी बाजू. १९८१ मध्ये रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि १९९७ मध्ये तो ‘पर्यटन जिल्हा’ म्हणून घोषित करण्यात आला. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत कोकणच्या कायापालटाची ग्वाही दिली जाते. कॅलिफोर्नियाचे स्वप्न जुने झाले म्हणून आता गोव्याचे दाखविले जाते. कोकणाला या स्वप्नाची भूक का लागली हे समजून घेतले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या हा प्रदेश मुंबईच्या मनीऑर्डरवर जगला. १९८२ च्या गिरणी संपानंतर ती मनीऑर्डर आटली. शेती तुकड्यातुकड्यांची आणि मासळी दरवर्षी घटणारी. अशा प्रदेशात सकाळी होडी आणि रात्री चार खोल्यांचे भाडे एवढ्यावर जर घर चालत असेल, तर त्या घराला पर्यटनाच्या नैतिक दोषांवर प्रवचन देण्याचा अधिकार शहरातील कोणाही विद्वानाला नाही.

इतकेच नव्हे, तर एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. तारकर्ली-देवबाग परिसरात पर्यटन ज्या रीतीने वाढले ती रीत देशातील इतर अनेक किनाऱ्यांहून बरी होती. येथे बऱ्याच ठिकाणी गाबीत कुटुंबांनी स्वतःच्या घरात खोल्या काढल्या, स्वतःच्या होडीला बाके बसविली, घरच्या बाईने स्वतःच्या चुलीवर पाहुण्यांचे जेवण रांधले. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर पर्यटकाने खर्चिलेल्या रुपयाची गळती येथे कमी होते. मोठ्या शहरातील हॉटेल-साखळीच्या विश्रामधामात तोच रुपया पडला, तर नफा भागधारकांकडे, व्याज बँकेकडे, दलाली आरक्षण करणाऱ्या कंपनीकडे, भाजी-कोंबडी घाऊक पुरवठादाराकडे जाते; गावाच्या वाट्याला माळ्याची आणि पहारेकऱ्याची मजुरी उरते. घरगुती निवासात तोच रुपया वाडीतील मासळीवालीकडे, सुताराकडे, किराणा दुकानदाराकडे फिरतो. पर्यटनाने किती पैसा आला हे विचारण्यात अर्थ नाही. तो किती हातांतून फिरला आणि शेवटी कोठे मुरला, हे विचारले पाहिजे. विकासवाद्यांच्या भाषणांत पर्यटकांची संख्या असते, हा हिशेब कधी नसतो.

आणि नेमकी हीच बरी रीत आता धोक्यात आहे. जमिनीचा भाव चढला की घरगुती निवास चालविणाऱ्याच्या शेजारची माडाची बाग शहरातला भांडवलदार घेतो. त्याला होडी चालवावयाची नसते. त्याला समुद्राचे दर्शन विकावयाचे असते. बागेला कुंपण पडते, कुंपणातून पुळणीवर जाणारी पिढीजात पायवाट बंद होते, आणि काही वर्षांनी ज्याच्या आज्याने त्या वाटेने जाळी वाहिली तो तरुण त्याच फाटकावर गणवेश घालून उभा राहतो. याला रोजगारनिर्मिती म्हणतात.

गोव्याचे स्वप्न दाखविणाऱ्यांनी गोव्याचा इतिहासही सांगावा. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांनी किनाऱ्यालगतची मासळी उपसण्यास सुरुवात केली तेव्हा तेथील रापणकारांनी माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांच्या मार्गदर्शनाखाली दीर्घ लढा दिला आणि १९८० मध्ये सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा पदरात पाडून घेतला. पाठोपाठ ऐशीच्या दशकात किनाऱ्यावर आलिशान हॉटेलांची रांग उभी राहू लागली आणि १९८७ मध्ये ‘जागृत गोंयकारांची फौज’ तिच्या विरोधात रस्त्यावर उतरली. त्या तरुणांना तेव्हा विकासाचे शत्रू ठरविण्यात आले. आज तेथे काय दिसते? पुळणीवरील उपाहारगृहाचा परवाना स्थानिकाच्या नावाचा आणि धंदा मात्र दुसऱ्याचा, ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. सिकेरीपासून पाळोळ्यापर्यंत डॉल्फिन दाखविणाऱ्या होड्यांची दाटी झाली आहे. मच्छीमाराचा मुलगा समुद्रावर राहिला खरा, पण समुद्राचा धनी म्हणून राहिला नाही.

रापण आणि पुळण

पुळण ही पर्यटकाला मोकळी, रिकामी, कोणाचीही नसलेली जागा वाटते. ती तशी नाही. मालवण किनाऱ्यावरील रापण ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सांगावयास नको. होडीतून लांबच लांब जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आणतात आणि मग वाडीतील पन्नास-साठ माणसे दोन बाजूंनी ते ओढतात. जी मासळी येईल तिची वाटणी होते. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा वाटा. ही मासेमारी एकट्यादुकट्याला करताच येत नाही. तिला दोन गोष्टी लागतात. एक, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात मासळी शिल्लक असणे. दुसरी, जाळे ओढावयास आणि वाळवावयास मोकळी पुळण असणे. पहिली पर्ससीन जाळ्यांनी आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीने हिरावली. दुसरी छत्र्या, खुर्च्या आणि जलक्रीडेची यंत्रे हिरावीत आहेत. राज्य शासनाने सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, २०२१ मध्ये राज्याने आपला १९८१ चा कायदा सुधारून दंड वाढविले. तरीही पारंपरिक मच्छीमाराला या बंदीच्या अंमलबजावणीसाठी पुनःपुन्हा रस्त्यावर यावे लागले.

म्हणूनच, मच्छीमार आपण होऊन पर्यटनाकडे वळला, हे विधान अर्धसत्य आहे. जाळ्यात मासळी आली असती तर किती तांडेलांनी होडीवर बाके बसविली असती? एका उत्पादकाला त्याच्या उत्पादनसाधनापासून तोडावयाचे, मग त्याला सेवक म्हणून कामावर घ्यावयाचे आणि या क्रियेला प्रगती म्हणावयाचे, ही भांडवलशाहीची जुनीच रीत आहे. फरक इतकाच की इंग्लंडमध्ये गायरानांना कुंपणे पडली तेव्हा ती डोळ्यांना दिसत होती. समुद्राला पडणारे कुंपण दिसत नाही.

सार्वजनिक संपत्तीचा नाश ठरलेलाच असतो, कारण जे सर्वांचे ते कोणाचेच नसते, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला आणि तेव्हापासून खासगीकरणाच्या प्रत्येक वकिलाने तो तोंडपाठ केला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या मच्छीमारांची, पाटकऱ्यांची, कुरणधारकांची उदाहरणे अभ्यासून १९९० मध्ये त्याला उत्तर दिले. समूहाला नियम करण्याचा, ते मोडणाऱ्याला शासन करण्याचा आणि बाहेरच्याला रोखण्याचा अधिकार असेल, तर सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे त्यांनी दाखवून दिले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रापण संघ हे ऑस्ट्रॉम यांच्या सिद्धान्ताचे जिवंत उदाहरण आहे. ते मोडावयाचे आणि त्याच जागी सामाईक संपत्ती सांभाळता येत नाही म्हणून भांडवलदाराला बोलवावयाचे, हा युक्तिवाद नव्हे, लबाडी आहे.

डॉल्फिनचा पाठलाग

या पार्श्वभूमीवर डॉल्फिनकडे पाहिले पाहिजे. तळकोकणच्या किनाऱ्यावर दिसणारा डॉल्फिन हा प्रामुख्याने पाठीवर उंचवटा असलेल्या जातीचा आहे. तो खोल समुद्रात जात नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, विशेषतः नद्यांच्या मुखांजवळ, तो भक्ष्य शोधतो. म्हणजे जेथे मच्छीमाराचे जाळे, तेथेच त्याचे अन्न. तो जाळ्यातील मासळी पळवितो, जाळे फाडतो, म्हणून मच्छीमाराला तो कधी नकोसाही होतो. जाळ्यात गुरफटून तो मरतोही. त्याची जात आज जगात संकटग्रस्त मानली गेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे, म्हणजे कायद्याने वाघाला जे संरक्षण तेच याला. २०१३ मध्ये केंद्र सरकारने करमणुकीसाठी डॉल्फिन पिंजऱ्यात ठेवण्याला मज्जाव केला, ही अभिमानाची गोष्ट होय. पण तलावातील खेळाला बंदी घालून समुद्राचाच तलाव करावयाचा, याला काय म्हणावे?

सुट्टीच्या दिवसांत संगमाबाहेर एक कळप दिसला की चहूबाजूंनी होड्या त्या दिशेने सुटतात. डॉल्फिन हा मासा नव्हे. त्याला श्वासासाठी पृष्ठभागावर यावेच लागते. वर आला की यंत्राचा आवाज, खाली गेला की वर घेरा. त्याचे खाणे थांबते, विसावा मोडतो, पिलू असलेली मादी सैरावैरा होते. यात दोष होडीवाल्याचा आहे, असे म्हणून निसर्गप्रेमी मोकळे होतात. परंतु होडीवाल्याची स्थिती काय आहे? पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढलेली, सुट्टीचे मोजके दिवस हीच कमाई, डोक्यावर यंत्राचे कर्ज, शेजारी स्पर्धा करणारी दुसरी होडी, आणि डॉल्फिन दिसले नाही तर तोंड वाकडे करणारे गिऱ्हाईक. एकाने यंत्र बंद करून अंतर राखले तर दुसरा पुढे जातो. वैयक्तिक सद्‌गुणावर ही स्पर्धा थांबणार नाही. ती थांबवावयाची तर होड्यांनी पाळी लावली पाहिजे, एका कळपाजवळ एका वेळी किती होड्या आणि किती अंतरावर हे ठरले पाहिजे, आणि दिवसाची कमाई सर्वांत वाटली गेली पाहिजे. रापणीच्या वाटणीत जे तत्त्व आहे तेच येथे लागू करावयाचे आहे. ज्या समाजाने ते तत्त्व शतकानुशतके पाळले त्याला ते नव्याने शिकविण्याची गरज नाही. ते पाळण्याचा अधिकार मात्र त्याच्या हाती दिला पाहिजे.

अधिकार नसेल तर काय होते याची किंमत माणसांनीही मोजली आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ वीस पर्यटकांना घेऊन परतणारी होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. अपघातानंतर चौकशा होतात, नियम पुन्हा वाचून दाखविले जातात, हंगाम आला की सारे पूर्ववत होते. जेथे प्रत्येक होडी प्रत्येक होडीची शत्रू असते तेथे सुरक्षा हीसुद्धा परवडत नाही.

कायद्याची ओहोटी

किनाऱ्याच्या कायद्याची कथा याहून बोलकी आहे. नोव्हेंबर १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. दहा वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९९१ रोजी, किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि ग्रामीण किनाऱ्यावर दोनशे मीटरचा पट्टा विकासवर्जित ठरला. त्यानंतर दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या झाल्या. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली, २०१९ मध्ये आणखी एक. या शेवटच्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर दोनशे मीटरचे पन्नास मीटर केले, किनाऱ्यालगतच्या बेटांसाठी वीस मीटर पुरेसे मानले, आणि पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींना भरतीरेषेपासून दहा मीटरपर्यंत येऊ दिले. समुद्र दरवर्षी जमीन खात पुढे येत आहे. देवबागसारख्या, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या चिंचोळ्या पट्टीवर हे उघड्या डोळ्यांनी दिसते. समुद्र पुढे येत असताना कायदा मात्र मागे सरकत आहे.

या अधिसूचनेत एक चांगली तरतूद आहे, ती नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. किनाऱ्यावरील स्थानिकांना, मच्छीमारांसह, आपल्या जुन्या घराचा पाया आणि रूप न बदलता घरगुती निवास चालविता येतो. पण किती मच्छीमारांच्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर आहे? वाड्या पिढीजात, कागद मात्र खोताचा, सरकारचा किंवा कोणाचाच नाही. ज्याच्याकडे सातबारा नाही त्याला ना कर्ज मिळते ना परवाना. उलट ज्याने कालपरवा जमीन घेतली त्याच्यापाशी सारे कागद चोख असतात. समान दिसणारा कायदा असमान समाजात कसा चालतो याचे हे पाठ्यपुस्तकातील उदाहरण आहे. १९८७ मध्ये मालवणला २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले तेव्हाही हेच घडले. हेतू चांगला होता, येथील प्रवाळ आणि जैवसंपदा जपण्यासारखीच होती. पण ज्यांची जाळी त्या पाण्यात पडत होती त्यांना विश्वासात न घेतल्याने अभयारण्य हा शब्दच मच्छीमाराला भयाचा वाटू लागला.

डिसेंबर १९९६ मध्ये, हिमाचलात बियास नदीचा प्रवाह आपल्या सोयीसाठी वळविणाऱ्या एका मोटेलच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, वने या संपत्तीचे राज्य हे केवळ विश्वस्त आहे. ती सर्वांच्या उपभोगासाठी आहे आणि तिचे खासगी मालकीत रूपांतर करता येत नाही. फ्रान्सने १९७५ मध्ये किनारा विकत घेऊन कायमचा खुला ठेवणारी सार्वजनिक संस्था स्थापली आणि १९८६ च्या कायद्याने वस्तीबाहेरच्या किनाऱ्यावर शंभर मीटरचा पट्टा बांधकामाला बंद केला. ज्या देशाने कामगाराला सुट्टी दिली त्यालाच पुढे कळले की किनारा खुला नसेल तर सुट्टीचा हक्क पोकळ आहे. ही दोन कामे एकाच कार्यक्रमाचे दोन भाग आहेत.

मागणी काय असावी

पहिली मागणी अशी की किनारा व्यवस्थापनाचे नकाशे करताना रापणीच्या जागा, जाळी वाळविण्याच्या पुळणी, होड्या ओढण्याच्या जागा आणि समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटा ग्रामसभेत मोजून सर्वप्रथम नोंदवाव्यात. त्या कोणालाही, कोणत्याही मुदतीसाठी, भाड्याने देता येऊ नयेत. दुसरी, वाड्यांखालील जमिनीचे हक्क मच्छीमार कुटुंबांच्या, आणि त्यातही घरातील स्त्रीच्या, नावे व्हावेत. कारण पाहुण्यांचे ओझे तीच वाहते आणि परवाना मात्र पुरुषाच्या नावाने निघतो. तिसरी, डॉल्फिन-दर्शन, बेटांची फेरी आणि जलक्रीडा यांचे परवाने केवळ स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना द्यावेत. होड्यांची संख्या, अंतर, पाळी आणि सुरक्षा यांचे नियम त्या संस्थांनी करावेत आणि मोडणाऱ्याची होडी बंद ठेवण्याचा अधिकार त्यांना असावा. चौथी, पर्ससीन आणि दिव्यांच्या मासेमारीवरील निर्बंध कागदावरून पाण्यात उतरावेत, कारण मासळी राहिली तरच डॉल्फिनही राहील. आणि पाचवी, जी सहसा कोणी करीत नाही: असंघटित श्रमिकाला पगारी रजेचा हक्क मिळावा आणि किनाऱ्यावर त्याला परवडतील अशी सार्वजनिक विश्रामगृहे, एस.टी.च्या सवलतीच्या फेऱ्या यांची सोय व्हावी.

यावर, एवढ्या अटी घातल्या तर गुंतवणूक येणार नाही, असे उत्तर मिळेल. जी गुंतवणूक गावाला फाटकावर उभे करण्यासाठी येते ती न आलेलीच बरी. देवबागच्या घराघरांत आजवर जी गुंतवणूक झाली ती गावानेच केली आहे. जाळी विकून, दागिने गहाण ठेवून, कर्जे काढून केली आहे. तिला संरक्षण नाही आणि बाहेरच्या भांडवलाला पायघड्या, हे धोरण कोणाच्या हिताचे आहे?

होडीत बसलेल्या त्या मध्यमवर्गीय कुटुंबाचेही हित वेगळे नाही. आज किनारा खुला आहे म्हणून त्याला चार दिवस तेथे काढता येतात. किनारा विश्रामधामांच्या मालकीचा झाला की पहिला बाहेर पडणार तो हाच पगारदार, कारण त्या किनाऱ्याचे भाडे त्याला परवडणार नाही. मच्छीमाराची पुळण गेली की त्याची सुट्टीही गेली. तेव्हा जाकीट काढून होडीतून उतरताना त्याने तांडेलाला डॉल्फिन उद्या दिसतील का, हे विचारण्याबरोबरच ही पुळण उद्या कोणाच्या नावावर असेल, हेही विचारावे. आणि घरी परतल्यावर तोच प्रश्न आपल्या आमदाराला विचारावा.